दोन खुणांमधलं तेल

गाडीचं बॉनेट उघडताना मिस्त्री मालकाकडे बघायचे नाहीत. उजवा हात ऑइलच्या पट्टीकडे आणि डावा हात खिशातल्या पांढऱ्या फडक्याकडे, दोन्ही एकाच वेळी निघायचे. इंजिनातलं तेल मोजायची ती लांब, पातळ पट्टी ओढून काढायची, फडक्यावर पुसायची, परत आत घालायची आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. घाईतला मालक विचारायचा, "काय मिस्त्री, किती हाय तेल?" उत्तर ठरलेलं असायचं.

"आधी थांबा, मग बघा."

चालून आलेल्या इंजिनात तेल वर सगळीकडे पसरलेलं असतं आणि तळाशी उतरायला त्याला पाच मिनिटं लागतात, हे मला नंतर कळलं. ती पाच मिनिटं मिस्त्री चुलीवरच्या दुधाकडे बघत उभ्या असलेल्या बाईसारखे तिथून हलायचे नाहीत. मग पट्टी पुन्हा निघायची, आडवी धरली जायची, टोकाचा थेंब बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला जायचा, नाकाशी नेला जायचा. आणि शेवटी फडक्यावर टेकवला जायचा. फडकं पांढरंच लागायचं.

"रंगीत फडक्यावर तेल खोटं बोलतं," असं ते सांगायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं नाव गावात फक्त मतदार यादीत असतं. आमच्या मिस्त्रींचं तसंच होतं. तलवाड्याकडून आमच्या गावाला वळायच्या फाट्यावर, लिंबाखाली, चार पत्र्यांचं त्यांचं शेड. त्याआधी एका सहकारी साखर कारखान्याच्या गाडीखान्यात त्यांनी वीस-एक वर्षं ट्रक आणि ट्रॅक्टर सांभाळले होते. पाऊस रुसला, ऊस संपला, आणि कारखान्याची चिमणी थंड झाली. तेव्हा मिस्त्री आपली हत्यारं एका पोत्यात घालून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली बसले. कारखान्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. "बंद पडली म्हंजे मेली न्हाई," एवढंच म्हणायचे. हे ते कारखान्याबद्दल म्हणायचे की गाड्यांबद्दल, मला कधी कळलं नाही.

मी त्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. खरा डॉक्टर तालुक्याला बसायचा, मी त्याच्या हाताखालचा. पण गाव मलाच डॉक्टर म्हणायचं आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. त्या थाटाच्याच भरात मी एक चूक केली. औरंगाबादला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो होतो, साधी, उंच, खेड्याच्या रस्त्याला चालेल अशी गाडी घ्यायला. घेऊन आलो ती लाल, जमिनीला टेकलेली, मागे पंख असलेली, रुंद टायरांची, आणि सायलेन्सर असा की दोन शेतं पलीकडची म्हैस दावं तोडेल. विकणारा म्हणाला, "साहेब, स्पोर्टी आहे. एका डॉक्टरचीच होती." डॉक्टर म्हटल्यावर मी पाघळलो.

घरी आणली तेव्हा बायको दारात उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात बसायचं कसं, रांगत?"

पंधरा दिवसांत कळलं की गाडी पेट्रोलपेक्षा तेल आवडीने पिते. सकाळी चालू केली की मागे निळा ढग उठायचा. शाळेला निघालेली पोरं तो ढग बघायला थांबायची. शेवटी लाज गिळून मी फाट्यावर गेलो.

मिस्त्रींनी पट्टी बघितली, फडकं बघितलं, मग मला गाडी चालू करायला लावून सायलेन्सरपाशी उकिडवे बसले.

"काळा धूर म्हंजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हंजे पाणी. निळा म्हंजे तेल जळतंय," ते म्हणाले. "हिच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात. वरचे सील बी. पैल्या मालकानं तेल बदललंच न्हाई येळेवर."

"म्हणजे फसलो मी?"

"फसला कावून? पिती हाय, पण सांगून पिती. सांगून पिणाऱ्याची भीती न्हाई, डॉक्टर. चोरून पिणाऱ्याची असती."

इलाज एकच होता. इंजिन खोलायचं, रिंगा आणि सील बदलायचे, आठ-दहा दिवस गाडी उभी ठेवायची. मी तारीख ठरवली. आणि त्याच आठवड्यात डेअरीचा टेंपो बंद झाला.

डेअरी म्हणजे आमच्या गावची दूध उत्पादक सहकारी संस्था. एक खोली, एक काटा, एक फॅट मोजायचं यंत्र आणि सचिव अण्णा. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. पाणी टँकरने यायचं, चारा कुठून कुठून यायचा, निम्मी जनावरं छावणीत होती. दूध एवढं आटलं की तालुक्याच्या, दूध गार करून ठेवणाऱ्या शीतकेंद्राने कळवलं, तेवढ्यासाठी टेंपो पाठवणं परवडत नाही. स्वतः आणून द्या, सकाळी नऊच्या आत. लागोपाठ तीन दिवस दूध आलं नाही तर संस्थेचा नंबर बंद होईल. आणि एकदा बंद झालेला नंबर परत मिळवणं काय असतं, ते सहकारातल्या माणसाला सांगायला नको.

सुरुवातीला दोन मोटारसायकलींवर दूध गेलं. मग त्यातला एक जण कामाला पुण्याला गेला, दुसरा छावणीत जनावरांपाशी अडकला. गावातले पिकअप चाऱ्याच्या आणि पाण्याच्या फेऱ्यांवर लागलेले होते. अण्णा माझ्याकडे आले आणि गाडीकडे बघत उभे राहिले. बोलले नाहीत, कारण तीन कॅन दूध त्या लाल गाडीतून न्यायचं म्हणजे हसं होणार हे त्यांनाही दिसत होतं.

मी मिस्त्रींना म्हणालो, "इंजिन तर खोलायचंय."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्यासारख्या कारागिराला दुखणं समोर दिसत असताना वरून तेल ओतत राहणं म्हणजे कमीपणा होता. गिऱ्हाईक कितीही अडलं तरी ते असलं काम घ्यायचे नाहीत. पण त्या दिवशी ते म्हणाले, "खोलायचं न्हाई. पाऊस पडून दूध वाढूस्तोवर हिला अशीच चालवू. म्या बघतो."

त्याच दुपारी त्यांनी गाडीची मागची सीट काढली आणि खाली पोती अंथरली. तीन कॅन आत बसले, मागच्या पंखाखाली. दुसऱ्या दिवसापासून माझी शर्यतीची गाडी दुधाची झाली. बायको म्हणाली, "लोक गाडीतून बायको फिरवतात. आमच्याकडे म्हशीचा मान पहिला."

मिस्त्रींचे नियम कडक होते. रोज निघायच्या आधी फाट्यावर थांबायचं, पट्टी दाखवायची. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. तेल त्या दोघींच्या मधे पाहिजे. त्यांनी कानशीने मधेच एक तिसरी बारीक खूण केली होती. तालुक्याला जाऊन यायला निदान तेवढं तेल पाहिजे, ही ती खूण. त्याखाली उतरलं की ते मापाने थोडं ओतायचे, लहान लेकराला औषध पाजतात तसं. इंजिन ओरडेपर्यंत गाडी ताणायची नाही, कारण जितकी ओरडेल तितकी जास्त पिते. "तिसऱ्यात वढू नका, चवथ्यात टाका अन् गप चला." त्यामुळे ती पंखवाली लाल गाडी रस्त्याने अशी चालायची की एकदा कडब्याचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्याने वळून हातही केला.

आठवड्यातून एक-दोनदा मिस्त्री शेजारी बसून यायचे. इंजिनाचा आवाज ऐकायचा म्हणून. काच खाली करून, डोळे मिटून बसायचे. मी सुरुवातीला बोलायला जायचो, तर ते बोट ओठावर ठेवायचे. माझी गाडी, माझं पेट्रोल, आणि मलाच गप्प बसवायचे.

पण एका सकाळी मी विचारलंच. मिस्त्रींच्या घरी एकच म्हैस होती. दूध त्यांची बायको घालायची, जेमतेम दोन-अडीच लिटर. तेवढ्यासाठी हा माणूस रोज आपलं काम थांबवतो, हे मला उमगत नव्हतं.

"मिस्त्री, तुम्हाला एवढं कशाला पडलंय या डेअरीचं?"

त्यांनी डोळे उघडले.

"डॉक्टर, माझी माय दूध घिऊन गावात जायची," ते म्हणाले. "आमी ल्हान हुतो. म्हस चांगली हुती, दूध बी चांगलं. हाटेलवाला म्हणायचा, बाई, दूध लई घट हाय, पर गिऱ्हाईक इचारतं कुणाचं म्हणून. आमच्या वस्तीतलं दूध कोण घेतंय? माय परत घिऊन यायची. आमी पोरं खुश, प्यायला मिळायचं. तिच्या तोंडाकडं कोण बघतंय तवा."

गाडी चौथ्यात चालली होती.

"मग डेअरी निघाली. पैल्या दिवशी माय चरवी घिऊन गेली. पाटलाच्या गड्यानं वतलं, त्याच्या मागनं धनगराच्या बाईनं वतलं, अन् त्याच कॅनात माझ्या मायनं वतलं. घरी आली, चरवी पालथी घातली अन् हसाया लागली. म्हणली, आता निवडून काढा म्हणावं, कुणाचं कोणचं ते."

त्यांनी डोळे मिटले. "आवाज बराय आज," म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना कधी काही विचारलं नाही. पण मागच्या कॅनांकडे आरशातून बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली, हे कबूल करतो. आधी मला त्यात फक्त माझ्या गाडीची अब्रू सांडताना दिसायची.

उन्हाळा कडक होत गेला. मे महिन्यात मिस्त्रींना साडूच्या मुलीच्या लग्नाला धारूरला जायचं होतं. जाताना त्यांनी मला तेलाचा डबा दिला, पट्टीवरची खूण पुन्हा दाखवली, आणि लहान पोराला बजावतात तसं बजावलं. "आधी थांबा, मग बघा. जास्तीचं काय करू नका."

ते गेले त्याच सकाळी पुढचं टायर फुटलं. रुंद टायर दिसायला छान असतं. पण त्याची रबराची कड जेमतेम चार बोटं, खडीवर कितीसं टिकणार? गाडीसोबत स्टेपनी मिळालीच नव्हती, आणि तालुक्याला तसल्या मापाचं टायर नव्हतं. पहिल्या दिवशी दूध गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बीडला जाऊन टायर आणलं, यायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशीही दूध गेलं नाही. लोकांनी आपापलं दूध परत नेलं. कुणी मला बोललं नाही, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं. अण्णा एवढंच म्हणाले, "उद्या तिसरा दिवस, डॉक्टर."

आता माझ्या हातून जे झालं ते सांगताना आजही कान गरम होतात. त्या संध्याकाळी मी पट्टी बघितली. तेल मधल्या खुणेच्या जरा वर होतं, म्हणजे पुरेसं होतं. पण मनात धास्ती. आणि आम्ही दोन वर्षं टँकरवर जगलेली माणसं. टँकर आला की रांजण भरा, हंडे भरा, बादल्या भरा, तांबे-पेलेसुद्धा काठोकाठ भरून ठेवा, उद्या येईल न येईल. हाताला तेच वळण. मी डबा उघडला आणि इंजिनात तेल ओतत गेलो. वरची खूण ओलांडली तरी ओतत राहिलो. मी थांबलो ते शहाणपणाने नाही, डबा रिकामा झाला म्हणून. रात्री मला छान झोप लागली.

सकाळी तीन कॅन घेऊन निघालो. शेजारी अण्णा. फाटा मागे पडला, डांबरी रस्ता लागला, आणि चढावर गाडीने असा ढग सोडला की मागून येणारा मोटारसायकलवाला रस्त्याच्या कडेला थांबून तोंडाला रुमाल बांधू लागला. मग इंजिन अडखळायला लागलं. मग पुढून जळक्या तेलाचा वास. मग बंद. मी उतरून खाली वाकलो तर तेल कुठून कुठून बाहेर येऊन टपटपत होतं. पावणेआठला निघालो होतो. ऊन वर येत होतं आणि कॅन तापत होते. अण्णांनी अंगावरचं उपरणं काढून कॅनांवर टाकलं, त्यावर आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं आणि गाडीच्या सावलीत मटकन बसले. गेल्या तीस वर्षांत संस्थेच्या खोलीला त्यांनी स्वतः दोनदा चुना दिला होता. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

समोरून तालुक्याहून येणारी पहिली एसटी आली. ती आमच्यापाशी येऊन थांबली, आणि तिच्यातून मिस्त्री उतरले.

पांढरा शर्ट, पांढरी पँट. लग्नात आणि जयंतीला ते असेच असायचे, एरवी तेलाने काळे. दोन दिवस दूध गेलं नाही हे त्यांना धारूरला कळलं होतं. लग्न लागल्याबरोबर जेवण न करता ते निघाले, तालुक्याच्या स्टँडवर रात्र काढली आणि पहिल्या गाडीत बसले. "लांबूनच धूर दिसला," ते म्हणाले. "म्हणलं आपलीच."

त्यांनी बॉनेट उघडलं. पट्टी काढली. खिशात हात घातला तर फडकं नव्हतं. लग्नाच्या कपड्यांत फडकं कुठून असणार? त्यांनी क्षणभर इकडे तिकडे बघितलं. माझा रुमाल निळा होता, अण्णांचं उपरणं कॅनांवर. मग त्यांनी पँटमधून शर्टाची पांढरी कड बाहेर ओढली आणि पट्टी तिच्यावर पुसली.

"किती वतलं?"

मी रिकामा डबा दाखवला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "डॉक्टर, टँकरची सवय लागली तुमाला," ते म्हणाले. "ह्यो रांजण न्हाई. हिला कमी बी चालत न्हाई अन् जास्त बी. जास्त झालं की तेलाचा फेस हुतो, मिळंल तिथनं भायेर पडतं." मग माझ्या औषधांच्या बॅगेकडे बोट केलं. "मोठी पिचकारी हाय का, जनावराची? अन् सलाईनची नळी?"

दोन्ही होतं. त्यांनी नळी पट्टीच्या भोकातून थेट तळापर्यंत घातली, दुसऱ्या टोकाला सुई काढलेली पिचकारी लावली आणि ओढायला लागले. एक पिचकारी काळं तेल, रिकाम्या डब्यात. दुसरी. तिसरी. म्हणाले, "आज पेशंट माझा, अवजार तुमचं." गरम तेलाने नळी मऊ पडत होती, पिळवटत होती, ते ती सरळ करायचे आणि पुन्हा ओढायचे. तीस पिचकाऱ्यांपर्यंत मी मोजलं, मग सोडून दिलं. एक प्लग तेलाने माखला होता. तो त्यांनी काढून पेट्रोलने धुतला आणि शर्टाच्या दुसऱ्या कडेने कोरडा केला. पट्टी परत घातली आणि हात पाठीमागे बांधले.

"मिस्त्री, साडेआठ होत आले," मी जवळजवळ ओरडलो. "चला आता."

"आधी थांबा, मग बघा."

"नऊला बंद होतं ते."

"घड्याळाला घाई हाय, तेलाला न्हाई. त्याला खाली यायला लागतेत तेवढी मिंटं लागतेत. आता चुकलो तर पुढच्या चढाला परत उभे ऱ्हाऊ."

तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं ती. अण्णा उठून उभे राहिले होते. एसटी अजून गेली नव्हती. ड्रायव्हर, कंडक्टर आणि अर्धी बस खाली उतरून आमच्याभोवती उभी होती. मिस्त्रींनी पट्टी काढली, आडवी धरली. तेल वरच्या खुणेच्या अंगावर होतं. त्यांनी आणखी दोन पिचकाऱ्या काढल्या. पुन्हा थांबले. पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "चालू करा."

झाली. थोडा ढग सोडला, आणि चालू राहिली. मिस्त्री मागे पोत्यावर, कॅन धरून बसले.

आम्ही शीतकेंद्राच्या फाटकात शिरलो तेव्हा नऊला सात कमी होते. तिथल्या माणसाने आधी लाल गाडी बघितली, मग तिच्यातून निघणारे दुधाचे कॅन, मग अर्धा पांढरा आणि अर्धा काळा झालेला माणूस. झाकण उघडून वास घेतला, दूध तपासलं. आम्ही तिघं लायनीत उभे, निकाल ऐकायला आलेल्या पोरांसारखे. तो म्हणाला, "चांगलं आहे. ओता."

अण्णांनी पहिला कॅन स्वतः उचलायला घेतला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "थांबा, म्या वततो." आणि त्यांनी हात आधी पेट्रोलने, मग साबणाने कोपरापर्यंत धुतले, शर्टाची काळी कड आत खोचली, आणि कॅन उचलून ओतला. त्यांच्या म्हशीचं, पाटलांचं, धनगरांचं, सगळ्यांचं दूध एकाच धारेत पडत होतं. ते धार संपेपर्यंत बघत राहिले.

त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. पावसाळ्यात पाऊस आला, बरा आला. चारा झाला, छावणीतली जनावरं घरी आली, दूध वाढत गेलं. दसऱ्याच्या सुमारास टेंपो पुन्हा सुरू झाला. टेंपो गावात आला त्याच दुपारी मिस्त्री माझ्या दारात येऊन उभे राहिले. "चला, आता खोलू."

आठ दिवस ती गाडी त्यांच्या शेडमध्ये उघडी पडली होती. मी रोज जाऊन बसायचो. त्यांनी मला त्या रिंगा दाखवल्या, काजळीने खाचेतच चिकटून बसलेल्या. "हिचा काय दोष न्हाई," म्हणाले. "कुणी बघितलंच न्हाई हिच्याकडं." नवीन रिंगा बसल्या, सील बसले, नवीन तेल पडलं. नवव्या दिवशी सकाळी मी चालू केली, तेव्हा ते सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि पांढरं फडकं त्याच्या तोंडाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग उठून मला ते फडकं उलगडून दाखवलं. पांढरंच होतं.

मिस्त्रींना जाऊन आता तीन वर्षं झाली. दुपारी जेवून लिंबाखाली पडले ते उठले नाहीत. त्यांच्या शेडपाशी त्या दिवशी एवढ्या गाड्या उभ्या होत्या की फाटा बंद झाला होता. संस्थेचं दूध मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर गेलं.

महिन्याभराने त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला बोलावून घेतलं. आतून लुगड्याच्या पदरात काहीतरी बांधून आणलं. तो लग्नातला पांढरा शर्ट होता. त्याच्या दोन्ही कडांचे डाग कधी निघाले नव्हते. वहिनींनी तो फाडून त्याचे हातभर हातभर चौकोन केले होते, डाग नसलेले.

"पट्टी पुसायला लागतंय नं तुमाला," त्या म्हणाल्या. "पांढरंच पायजे म्हणायचे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गाडी अजून माझ्याकडे आहे. मागची सीट परत बसवली, तरी उन्हाळ्यात दुधाचा वास येतो. आता ती तेल पीत नाही म्हटलं तरी चालेल. तरीही मी रोज सकाळी बॉनेट उघडतो, पट्टी काढतो, त्या शर्टाच्या तुकड्यावर पुसतो, परत आत घालतो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला खरं तर थांबायची गरज नसते. तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. हे मला मिस्त्रींनीच शिकवलंय. तरी मी पाच मिनिटं थांबतो. तेवढ्यात वहिनी चरवी घेऊन रस्त्याने डेअरीकडे जातात, आणि थोड्या वेळाने रिकामी चरवी घेऊन परत येतात. मग मी बघतो.